पाळी आणि परसाकडचं दुखणं : एका न विचारलेल्या प्रश्नाची गोष्ट



आजचा विषय दोन लाजांचा आहे. एक पाळीची आणि दुसरी परसाकडची. पाळीबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो. संडासाबद्दलही बोललो, पण ते शौचालय बांधण्याबद्दल. दोन्हींबद्दल एका दमात कधी बोललो नाही. दवाखान्यातही कोणी एका दमात विचारत नाही. त्यामुळे एक दुखणं शंभर वर्षांपासून डॉक्टरांच्या पुस्तकात आहे, तरी बाईच्या पोटात ते सापडायला वर्षानुवर्षं लागतात. त्या दुखण्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात आमच्यातल्याच एकीपासून करतो. तिनं सांगा म्हटलं म्हणून सांगतो, नाव मात्र नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिला पाळीच्या दिवसांत शौचाला बसलं की खालून सुरी फिरवल्यासारखी कळ यायला लागली. पोट फुगून टम्म व्हायचं. एखाद्या महिन्यात चार-पाच वेळा पातळ, एखाद्या महिन्यात तीन दिवस काहीच नाही. पाळी सरली की हळूहळू सगळं शांत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शेवटी ती पाळीच्या आधल्या दिवसापासून जेवणच सोडू लागली. पोटात काही गेलं नाही तर जावं लागणार नाही, असा तिचा हिशेब. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम, आणि पोटात काही नाही. सासूबाईंना वाटे, कामाचा कंटाळा आला की हिचं दुखणं निघतं.

एका दवाखान्यात तिला मूळव्याधीचं मलम मिळालं. दुसऱ्यात आवेच्या गोळ्या. तिसऱ्या ठिकाणी, अंगावरून पांढरं जातं म्हणून त्याचा कोर्स. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ, म्हणून एकांनी ती तपासणी केली, ती निघाली नाही. हे सगळं अकरा वर्षं चाललं. मग नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्याच कामासाठी गेली असताना, एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “बसताना दुखतं ते रोजच दुखतं, की पाळीतच?” अकरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला.

दुखण्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. नाव जड आहे, गोष्ट समजायला सोपी आहे. आपल्या पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या आतून एक मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, गर्भ राहिला नाही की गळून रक्ताबरोबर बाहेर पडतं. तीच आपली पाळी. काही बायकांमध्ये अशाच अस्तराचे कण पिशवीच्या बाहेर, पोटात इतर ठिकाणी रुजतात. धान बांधीत उगवायचं, ते धुऱ्यावर उगवलं म्हणा ना. धुऱ्यावरचं हे अस्तरही पाळीच्या चक्राबरोबर सुजतं, त्यातून रक्त येतं. पण तिथून रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथं सूज राहते, व्रण होतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. हे अंडाशयावर होतं, पिशवीच्या मागे होतं, लघवीच्या पिशवीवर होतं आणि आतड्यावरही होतं.

पिशवीच्या अगदी मागे गुदाशय आहे, दोघं पाठीला पाठ लावून बसलेले. म्हणून आतड्यावर झालं तर बहुतेक वेळा तिथंच होतं, गुदाशयावर आणि त्याच्या वरच्या मोठ्या आतड्याच्या वळणावर. हा आजार असलेल्या शंभर बायांपैकी साधारण पाच ते बारा जणींच्या आतड्यापर्यंत तो पोचतो, असं डॉक्टर सांगतात. कॅन्सर नाही हा. कोणाची करणी नाही, आणि नवऱ्याकडून लागलेला रोगही नाही.

आता इतिहास. १८६० साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात कार्ल फॉन रोकिटान्स्की नावाचे डॉक्टर होते. मेलेल्या माणसांची शरीरं उघडून रोग शोधायचं त्यांचं काम. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्या जागी दिसतो, असं त्यांनी लिहिलं. आजाराची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात, जरी त्यावर जाणकारांचे वाद आहेत. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्सच्या दवाखान्यात थॉमस कलन यांनी शस्त्रक्रिया करताना अशा कितीतरी गाठी पाहिल्या. १९२० साली त्यांनी अशा गाठी शरीरात कुठे कुठे सापडतात हे मांडलं, आणि त्यात पिशवी आणि गुदाशय यांच्या मधली जागाही होती. या जागेतली पसरलेली गाठ काढणं पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेपेक्षा अवघड, असं त्यांचं मत होतं. मग न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन सॅम्पसन यांनी १९२१ पासून लेखांमागून लेख लिहिले. १९२२ चा त्यांचा एक लेख तर आतड्यावरच्या गाठींबद्दलच आहे. पाळीचं थोडं रक्त नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि त्यातलं अस्तर तिथं रुजतं, हा विचार त्यांनी १९२७ साली मांडला. रक्त थोडंफार उलटं तर बहुतेक बायकांचं जातं, मग रुजतं काहींमध्येच का, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही.

म्हणजे १९२२ साली आतड्यावरचं हे दुखणं छापून आलेलं होतं. आमच्या मैत्रिणीला ते सापडायला पुढची नव्वदहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात काय झालं?

मधल्या काळात हे दुखणं कोणाचं, यावर डॉक्टरांनी मनाशी ठरवून टाकलं. १९४० च्या दशकात बॉस्टनचे जो मेग्ज हे मोठ्या नावाचे डॉक्टर सांगत की हा आजार खात्यापित्या घरच्या, उशिरा लग्न करणाऱ्या, उशिरा मूल होऊ देणाऱ्या बायकांचा. त्यांचा सल्ला होता, लवकर लग्न करा, लवकर मुलं होऊ द्या. आपल्याकडेही पोरीच्या पाळीचं दुखणं निघालं की म्हातारं माणूस काय म्हणतं? “लग्न झालं की थांबेल. एक लेकरू झालं की थांबेल.” बॉस्टनचा डॉक्टर आणि आपल्या गावची आजी, दोघांची तार जुळली की नाही! गरोदरपणात पाळी थांबते, तेवढे महिने काहींना आराम पडतो, एवढं खरं. पण लेकरू हे त्याचं औषध नाही. आमच्या मैत्रिणीला दोन लेकरं आहेत.

खात्यापित्या घरच्या बायकांचा आजार म्हटल्यावर गरीब बाईच्या पोटात दुखलं तर डॉक्टर काय म्हणणार? म्हणणार, जंतूंची लागण आहे. अमेरिकेत काळ्या बायकांच्या बाबतीत हेच झालं. त्यांना हा आजार होतच नाही, असं डॉक्टर मानत. १९७६ साली शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन, स्वतः काळ्या समाजातले, यांनी ओटीपोटाच्या लागणीचा शिक्का बसलेल्या आपल्या रुग्ण बायका नीट तपासल्या. त्यांच्यातल्या पाचांत एकीहून जास्त बायकांना लागण नव्हती, एंडोमेट्रिओसिस होता. आजार पहिल्यापासून होता. डॉक्टरांनी तिथं बघितलंच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली. कारण ‘गरीब बाईला असं काही नसतं’ हा समज मोडण्याचं एक मोठं काम गडचिरोलीत झालेलं आहे.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला १९८२ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग इथं कामाला आले. गंमत बघा, हे दोघं त्याच जॉन्स हॉपकिन्समधून शिकून आले होते, जिथं साठ-सत्तर वर्षांपूर्वी कलन गाठींचे नकाशे काढत होते. त्या वेळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारच्या लेखी दोनच गोष्टी, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. ना गरोदर, ना नसबंदीला आलेली, अशी बाई दवाखान्याच्या वहीत कुठंच बसत नसे. डॉ. राणीबाई गावातल्या बायकांशी बोलत, त्यांचे शब्द ऐकत. पुढे त्यांनी ‘कानोसा’ नावाचं पुस्तकही लिहिलं. बायकांच्या बोलण्यातून त्यांना कळत होतं की पुष्कळ जणी काही ना काही अंगावर काढताहेत. मग त्यांनी दोन गावं घेतली, वसा आणि अमिर्झा. गावाशी बोलून, बायकांची संमती घेऊन ६५० जणींची तपासणी केली. आतून तपासणी, रक्त-लघवीची तपासणी, सगळं.

जानेवारी १९८९ मध्ये हा अभ्यास इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आला. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला. एकेकीला सरासरी साडेतीनहून जास्त. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका किती? शंभरात फक्त आठ. तक्रार सांगणाऱ्या होत्या शंभरात ५५. बाकीच्या म्हणत होत्या, काही नाही, ठीक आहे. तपासलं तर त्यांच्यातही आजार होते. जगभरात या आकड्यांची चर्चा झाली. १९९४ साली कैरोला संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली, त्या सुमारास बाईचं आरोग्य कुटुंबनियोजनापलीकडचं असतं हा विचार जोर धरत होता, आणि त्यात आपल्या वसा-अमिर्झ्याच्या बायकांचा वाटा होता. त्यांच्यापैकी किती जणींना हे माहीत आहे कोण जाणे.

आता आमचं मत सांगतो, तुम्हाला पटतं का बघा. त्या अभ्यासात निघालेल्या आजारांपैकी निम्मे जंतूंच्या लागणीचे होते. त्यावर औषध होतं, गावात देता येत होतं, म्हणून नंतरची बरीच वर्षं सगळा जोर लागणीवर राहिला. ते बरोबरच होतं. पण त्यातून दवाखान्यांना एक सवयही लागली. ओटीपोटात दुखतं? लागण असेल. एक कोर्स घ्या. नाही गेलं? आणखी एक घ्या. चॅटमन यांनी शिकागोत पकडली ती हीच सवय. वसा-अमिर्झ्याचा धडा ‘बायांना लागण असते’ एवढा नव्हता. विचारल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय बाईबद्दल काही ठरवू नका, हा तो धडा होता.

आतड्यावरचा एंडोमेट्रिओसिस गावातल्या साध्या तपासणीत सहज हाती लागत नाही, हेही सांगायला हवं. त्याला पोटात बघावं लागतं. पोटात बघायची दुर्बीण मात्र आपल्या तालुक्यापर्यंत केव्हाच आली होती. आठवा, १९८० नंतरची शिबिरं. बिनटाक्याची शस्त्रक्रिया! एका दिवसात रांगेनं बाया झोपवायच्या, बेंबीपाशी भोक पाडायचं, दुर्बीण घालून नळ्या बंद करायच्या. आपल्या आयांच्या, मावश्यांच्या पोटात डॉक्टर दुर्बिणीतून बघत होते. पण बघत होते फक्त नळ्यांकडे, कारण तेवढंच काम दिलेलं होतं. त्याच दुर्बिणीनं तिकडे मोठ्या शहरांत एंडोमेट्रिओसिसचं निदान होत होतं. किती जणींच्या पिशवीमागे चिकटलेलं आतडं त्या शिबिरांत नजरेसमोरून गेलं असेल, याची नोंद कुठं असणार?

नळ्या बंद केल्या तरी पाळी येतेच, आणि दुखणंही राहतं. मग पुढचा सल्ला मिळतो, पिशवी काढून टाका. हा सल्ला आपल्या राज्यात किती सैल हातानं दिला जातो ते बीडमध्ये दिसलं. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या सगळ्या एंडोमेट्रिओसिसच्या होत्या असं आम्ही म्हणत नाही. पण आतड्यावर गाठ असेल आणि फक्त पिशवी काढली, तर आतड्यावरची गाठ तिथंच राहते, आणि दुखणंही राहू शकतं. बाईला वाटतं, आता तर पिशवीही नाही, म्हणजे दुखणं माझ्या डोक्यातच असेल. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर सही करण्याआधी एवढं विचारायचं, “माझं दुखणं नेमकं कशाचं आहे? तपासणीत काय दिसलं? आतड्याचं बघितलं का?”

आमच्या मैत्रिणीच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, ती कोणाच्या लक्षात येत नाही. ती दवाखान्यात जायची ती दुखणं नसलेल्या दिवशी. आपल्या माडिया गावांत कुर्माघर आहे. पाळीचे दिवस बाईनं तिथं काढायचे, घरात यायचं नाही. इतर घरांतही बाजूला बसणं सुटलेलं नाही. ज्या चार-पाच दिवसांत दुखणं जोरात असतं, नेमकी तेव्हा बाई कोणाच्या नजरेला पडत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी ती डॉक्टरांपुढे बसते तेव्हा पोट मऊ असतं, शौचाला त्रास नसतो. डॉक्टर पोट दाबून बघतात, म्हणतात, काही नाही. ते खोटं बोलत नसतात.

म्हणून दुखण्याची तारीख सांगणं हेच पहिलं निदान. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाळीच्या दिवसांना एक खूण, पोट दुखलेल्या दिवसांना दुसरी, बसताना दुखलं, पातळ झालं, रक्त दिसलं त्याला तिसरी. लिहिता येत नसेल तर काडी, ठिपका, फुली. तीन महिने केलं की कागदच बोलायला लागतो. पाळीच्या आसपास खुणांचा झुबका दिसला तर ते आतड्याचं साधं दुखणं नसू शकतं.

नागपूरच्या त्या डॉक्टरीणबाईंनी पुढे आतून बोटानं तपासलं, समोरून आणि मागूनही. हे लाजिरवाणं वाटतं, पण पिशवी आणि गुदाशयाच्या मधली गाठ अशीच हाताला लागते. मग आतून करायची सोनोग्राफी. ती या आजाराची सवय असलेल्या हातानं केली तर आतड्यावरची गाठ दिसते, घाईत केली तर रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यानंतर एमआरआय. मधे एकदा कोणीतरी मागून नळी घालूनही बघितलं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. कारण ही गाठ आतड्याच्या बाहेरच्या अंगानं आत शिरते, आतलं अस्तर बहुतेक वेळा साबूतच असतं. घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून वाळवी लागली तर आत बसून ती दिसते का? पूर्वी दुर्बिणीनं पोट बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही अशी पद्धत होती. २०२२ च्या युरोपातल्या डॉक्टरांच्या सूचनांनी ती सैल केली. लक्षणं आणि तपासणी जुळत असेल तर शस्त्रक्रियेची वाट न बघता औषध सुरू करता येतं.

एक मात्र सावधपणे सांगतो. पाळीशी संबंध नसताना शौचातून रक्त, वजन उतरणं, रोज संध्याकाळी ताप, किंवा पोट फुगून उलट्या आणि शौच-वारा बंद, हे असेल तर कालनिर्णय बघत बसायचं नाही. त्यात आतड्याचा टीबी असू शकतो, कॅन्सर असू शकतो, आतडं अडकलेलं असू शकतं. लगेच दवाखाना.

उपचाराचाही इतिहास आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट किस्टनर यांनी गोळ्यांनी गरोदरपणासारखी स्थिती आणायचा उपाय काढला, पाळी थांबवायची म्हणजे गाठी शांत राहतील. आजही औषधांचा पाया तोच आहे. दुखणं कमी करायच्या गोळ्या, पाळणा लांबवायच्या गोळ्या खंड न पाडता, किंवा डायनोजेस्टसारखं रोजचं औषध. काहींना पिशवीत बसवायची, औषध सोडणारी तांबी. ही औषधं गाठ मिटवत नाहीत, तिला झोपवून ठेवतात. बंद केली की पुष्कळदा दुखणं परत येतं. पाळी थांबवणारी औषधं घेतात तोवर सहसा मूल राहत नाही, म्हणून जिला मूल हवं आहे तिनं ते आधीच सांगायचं.

औषधानं भागलं नाही किंवा आतडं अरुंद व्हायला लागलं, तर शस्त्रक्रिया. गाठ वरवरची असेल तर आतडं न कापता खरवडून काढतात. खोल पण लहान असेल तर आतड्याचा तेवढाच गोल तुकडा काढून शिवतात. मोठी असेल तर आतड्याचा भाग कापून दोन टोकं जोडतात. जोड गळण्याचा धोका असतो, काहींना काही महिने पोटावर पिशवी लावून शौच बाहेर काढावं लागतं. म्हणून हे काम स्त्रीरोगाचे आणि आतड्याचे शल्यचिकित्सक मिळून करतात, आणि अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्यांकडेच करायची. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, भामरागडकडच्या बाईला त्याच्या दुप्पट. खर्चाचं रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारायचं, योजनेत काय बसतं ते लिहून घ्यायचं.

आमची मैत्रीण दोन वर्षांपासून रोजची गोळी घेते. कळ निम्म्याहून खाली आली आहे, पूर्ण गेलेली नाही. पाळीच्या आधी जेवण सोडणं मात्र तिनं सोडलं. एमआरआयमध्ये गुदाशयावर गाठ आहे, डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचं सुचवलं आहे, घाई नाही असंही सांगितलं आहे. पोटावर पिशवी लागली तर रोवणीला कशी जाऊ, हा तिचा प्रश्न. सासूबाई आता तिच्याबरोबर येतात. गेल्या खेपेला त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, की त्यांची स्वतःची पिशवी वीस वर्षांपूर्वी काढली, तरी बसताना अजून कधी कधी कळ येते, ते काय असेल.

डॉक्टरांनी त्यांनाही आत बोलावलं. दोघींची पुढची तारीख धानकापणीनंतरची आहे.